ओपलच्या हाताजोगं पिस्तूल

"बाईच्या हातात बंदूक आली की समजावं, घरातला गडी मेला."

हे ओपलचा बाप म्हणायचा. हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला की भल्या पहाटे ओसरीवर बसून, बुटांच्या नाड्या आवळत, आत बिस्किटं भाजणाऱ्या बायकोला आणि पोरींना नेमकं ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचा. आवाज जाडाभरडा, कोळशाच्या खाणीत घासून घासून खरबरीत झालेला. म्हणायचा आणि आपणच हसायचा. मग बंदूक खांद्याला अडकवून डोंगर चढायचा आणि बहुतेकदा रिकाम्या हातानं उतरायचा. हरणं त्याच्यापेक्षा शहाणी होती.

बाप गेला. खाण मिटली. ज्या डोंगरावर तो चढायचा त्याचा माथाही यंत्रांनी कापून नेला. बोलणं तेवढं मागं उरलं. यंदाच्या वसंतात ओपलचा नवरा व्हर्जिल फुप्फुसाच्या दुखण्यानं गेला, आणि आता मेपलची पानं तांबडी व्हायला लागली तेव्हा ओपल एकटीच ट्रक हाकत खोऱ्यातून खाली उतरली आणि लॉनीच्या दुकानासमोर थांबली. "गडी तर मेला," ती मनाशी म्हणाली. "आता बंदूक बघू."

भीती तिला कशाची होती ते तिला चांगलं ठाऊक होतं. भीतीला नाव होतं, कोल्बी. व्हर्जिलच्या थोरल्या भावाचा, डॉर्सीचा मुलगा. व्हर्जिलची शवपेटी उचलणाऱ्यांत तो होता, आणि रडला तोही सगळ्यांत मोठ्यानं. दफनानंतर माणसं स्वयंपाकघरात ताटल्या भरून घेत होती, तेव्हा हा न्हाणीघरातल्या औषधांच्या कपाटात कोपरापर्यंत हात घालून उभा होता. व्हर्जिलच्या वेदनेच्या गोळ्या त्याला हव्या होत्या. त्या गोळ्या नर्सनं व्हर्जिल गेला त्याच दिवशी नेऊन नष्ट केल्या होत्या. ओपलनं तसं सांगितलं. कोल्बीला पटलं नाही. आधी अंगणातून विनवायचा, मग ओसरीवरून. गेल्या आठवड्यात त्यानं दाराची जाळी फाडली आणि आत हात घालून कडी चाचपू लागला. ओपल बिडाचा तवा उगारून आत उभी राहिली. हात निघाला, पण जाताजाता तो म्हणाला, "पुढच्या वेळी दार उघडंच ठेव काकू. मला मोडायला लावू नकोस." आवाज तोच होता, ज्यात तो लहानपणी तिच्याकडे दुसरं बिस्किट मागायचा. त्या आवाजानंच ती जास्त घाबरली.

तो पुन्हा येणार होता, आणि त्याआधी तिच्या हातात काहीतरी असायला हवं होतं. शेरीफची गाडी त्या खोऱ्यात वरपर्यंत यायची ती बहुधा घडून गेलेलं बघायला.

ती कुणाला बोलली नव्हती. बोलणार कुणाला? जाळी फाडल्यानंतरच्याच रविवारी कोल्बी चर्चमध्ये उभा राहिला, मनगटाला पट्टी बांधून. प्रभूनं मला चिखलातून वर ओढलं, म्हणाला. डॉर्सी बाकावर बसून ढसाढसा रडला, बायांनी पोराला मिठ्या मारल्या, आणि सगळं खोरं आनंदानं ओलं झालं. त्या ओल्या आनंदात ओपलनं आपली फाटकी जाळी कुठे वाळत घालायची होती?

आणि व्हर्जिलच्या बंदुका? त्या डॉर्सीकडे. या डोंगरांतली रीतच तशी होती. बायकोला घर, कोंबड्या आणि आठवणी, बंदुका भावाला. दफनाच्या जेवणातला घेवडा निवला नव्हता तोवर डॉर्सीनं त्या ब्लँकेटात गुंडाळून ट्रकमध्ये ठेवल्या. "तुला काय करायच्यात," एवढंच म्हणाला. त्यात प्रश्न नव्हता.

लॉनीच्या दुकानात शिरलं की आधी दिसायची हरणांची डोकी. भिंतभर. त्यांचे डोळे काचेचे, पण दुकानातल्या कुणाहीपेक्षा त्यांत समज जास्त. खाली काउंटरमागे लॉनी, पोटावर पँटचे गॅलिस ताणलेले, कमरेला पिस्तूल. रस्त्यापलीकडे डोनट आणायला जायचं तरी ते लावूनच जायचा. जणू साखरेच्या डोनटवर दरोडा पडणार होता.

"या ओपलबाई," लॉनी म्हणाला. "डॉर्सी गाडी लावतोय का?"

"एकटीच आले."

"अच्छा. कुणाला भेट द्यायचीय?"

"माझ्यासाठी हवंय. पिस्तूल. आधी कधी घेतलेलं नाही."

लॉनीनं भुवया वर नेल्या आणि तिथेच ठेवल्या. "कॉफी घ्या," म्हणत तो मागच्या खोलीत गेला. कॉफीचं भांडं तर काउंटरवरच होतं. आतून दबका आवाज आला, "हो, इथंच. एकटीच. ये तू." मग तो हात पुसत बाहेर आला, जणू तिथे काही धुऊन आला.

ओपलला हसू आलं. कुणाची गाय मोकळी सुटून दुसऱ्याच्या कुरणात शिरली तरी या गावात असाच फोन जायचा.

"कशासाठी हवंय?" लॉनीनं विचारलं. "म्हणजे कोण त्रास देतंय?"

"रॅकून. कोंबड्यांवर येतो."

"रॅकूनला पिस्तूल?"

"फार उद्धट आहे."

लॉनी हसला आणि काचेखालून त्यानं एक वस्तू काढून मखमलीवर ठेवली. तिची मूठ गुलाबी होती. बायकांत हे फार चालतं, तो म्हणाला, नाजूक आहे, शोभतं. ओपलनं ते पाहिलं. तिच्या हातांवर भाजल्याच्या खुणा होत्या, एका बोटाला वाकडेपणा होता, नखांत बटाट्याची माती होती.

"हे कोल्ड क्रीमबरोबर फुकट देतोस का?" तिनं विचारलं.

"तुम्ही पण ना ओपलबाई."

"आत ठेव. माझ्याकडे बघ आणि दुसरं काढ."

तेवढ्यात दाराची घंटी वाजली आणि डॉर्सी आला. इतक्या लवकर की नक्कीच ट्रक पळवत आला होता. टोपी कपाळापर्यंत, दाढी छातीपर्यंत, गालात तंबाखूची गोळी, हातात थुंकायची सोड्याची बाटली. धाप लागलेली. या खोऱ्यातल्या बाया घेवड्याच्या शेंगा निवडताना एक गाणं म्हणायच्या, आजीकडून आईकडे आणि आईकडून ओपलकडे आलेलं:

डोंगर बोडका झाला, कोळसा गेला गाडीत,
उरलं शहाणपण ते गड्याच्या गं दाढीत.

डॉर्सीच्या दाढीत ते सगळं मावलं होतं. चर्चच्या छपराचा उतार, गाभण गाईचा विण्याचा दिवस, दुसऱ्याच्या बायकोनं काय करावं, सगळं. आणि बंदुकांचं तर विचारूच नये. त्याच्या घरात इतक्या बंदुका की न्हाणीघरात जाताना माणूस अडखळायचा. प्रत्येकीचं कौतुक तो बक्षीस मिळालेल्या गाईसारखं करायचा. निम्म्यांची नळी वर्षानुवर्षं तापली नव्हती.

"मला सांगायचंस की," डॉर्सी म्हणाला. "लोक काय म्हणतील? व्हर्जिलची बायको दुकानात एकटी."

"व्हर्जिलची बायको रोजच एकटी आहे. दुकानात गेल्यानं वाढत नाही."

"बंदूक म्हणजे काही ताक घुसळणं नाही ओपल."

"ताक तरी तू कुठे घुसळलंस आजवर?"

लॉनी खोकला. डॉर्सीनं बाटलीत थुंकून घेतलं. मग तो ओपलला बाजूला सारून काउंटरवर ओणवा झाला, आणि दोघे गडी तिच्याबद्दल तिच्यासमोरच बोलू लागले. तिचं मनगट बारीक, तिची नजर म्हातारी, तिला आवाजाचं भय. हाडाबद्दल बोलावं तसं, खाटकाच्या दुकानात.

"ते आखूड दे," डॉर्सी म्हणाला. "पाच गोळ्यांचं, हलकं. खिशात मावेल, तिला पेलवेल."

लॉनीनं ते काढलं. आखूड नळीचं रिव्हॉल्वर, इतकं हलकं की तळहातावर असल्याचं कळू नये. "बायकांना हेच देतो मी," लॉनी म्हणाला. आणि ते खरंच होतं. या गावात नवरे बायकांना हेच घेऊन द्यायचे. नाताळला, वाढदिवसाला. बाया एकदा घोडा ओढायच्या, तळहात चोळायच्या आणि पुन्हा हात लावायच्या नाहीत. मग ते मोज्यांच्या खणात पडून राहायचं आणि नवरा चारचौघांत सांगायचा, आमच्या हिला बंदुकीचं वावडंच आहे.

"ओढून बघायचंय," ओपल म्हणाली.

"लागणार नाही त्याची गरज," डॉर्सी घाईनं म्हणाला. "घेऊन टाक. मी सांगतोय ना."

"बूट घेताना पायात घालते. आणि हे बुटापेक्षा जास्त चावेल असं दिसतंय."

दुकानामागं डोंगराचा उभा कापलेला उतार होता. तिथे मातीत खांब रोवून गिऱ्हाइकांना नेम धरून बघता यायचा. लॉनीनं तारेला कागदी ताटल्या अडकवल्या, पिकनिकला आणतात तसल्या. आवाज अडवणाऱ्या टोप्या कानांवर चढवायला दिल्या. बोट घोड्यावर आधीच ठेवू नका, नळी मातीकडेच धरा, हे त्यानं सांगितलं. एवढं त्याला येत होतं, हे मान्य करायला हवं.

ओपलनं आखूड पिस्तूल दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. खेचरानं लाथ मारावी तसं ते अंगठ्याच्या मुळात बसलं. आवाज डोंगराला आपटून परत आला. ताटली हलली नाही. पुन्हा ओढलं. माती उडाली, भलतीकडेच. शेवटच्या गोळीला तिनं आपसूक डोळे मिटले. तळव्याची कातडी लाल झाली होती आणि ताटल्या तारेवर वाऱ्यानं सुखात झुलत होत्या, वाळत घातलेल्या अंतर्वस्त्रांसारख्या.

लॉनी तोंड वळवून हसला. डॉर्सी हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावर एक नवल होतं, ओपलनं ते नीट पाहिलं. तो खूश दिसत होता.

"छान," डॉर्सी म्हणाला. "होईल सवय. हेच बांधून दे रे लॉनी."

"छान काय त्यात? एक लागली नाही."

"आवाज तर झाला ना? रॅकून आवाजानंच पळतो."

"हातोडी हलकी असली की खिळा वाकतो आणि मनगट दुखतं," ओपल म्हणाली. "मला जड काहीतरी हवं. लॉनी, तुझ्या त्या खालच्या फळीवर एक काळं पडलेलं होतं, लांब नळीचं. ते आण."

"ते जुनं आहे ओपलबाई. पूर्वी पोलीस वापरायचे ते. सगळं पोलाद. दिसायलाही काही नाही त्यात."

"मी काय त्याच्याशी लग्न करणार आहे?"

"नको ते," डॉर्सी म्हणाला. आवाज चढला. "तुला झेपणार नाही. आणू नकोस रे."

लॉनीनं दोघांकडे पाहिलं. पण विकायच्या दोन वस्तूंतली महाग कुठली हे त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण तो गेला आणि ते घेऊन आला.

ओपलनं ते हातात घेतलं आणि तिला बिडाचा तवा आठवला. तसाच भार, मनगटापासून खांद्यापर्यंत उतरणारा. आयुष्यभर तिनं तो एका हातानं उचलला होता, दुसऱ्या हातानं पोळणारं झाकण. तिनं श्वास घेतला, अर्धा सोडला आणि ओढलं. पिस्तुलानं मान उचलली, पण चावलं नाही. ताटलीला कडेला भोक पडलं. पुढची मध्याजवळ. मग ती थांबली, खांदा सैल केला आणि ताटली फाडून टाकली.

"बघा तर," लॉनी म्हणाला.

डॉर्सीच्या कपाळावर घाम होता. सप्टेंबरची गार हवा, आणि याला घाम.

"ताटली आहे ती," तो म्हणाला. "ताटली काय कुणीही फोडेल. माणूस समोर आला की बायकांचे गुडघे गळतात. लॉनी, कागद लाव. माणसाचा. बघू दे तिलाच."

"रॅकूनसाठी हवंय म्हणाल्या त्या," लॉनी म्हणाला.

"लाव म्हणतो ना."

लॉनीनं खांबावर माणसाच्या आकाराचा कागद टाचला. काळा, तोंड नसलेला. तेवढ्यात पुढच्या दाराची घंटी वाजली आणि तो गिऱ्हाइकाकडे पळाला. सुटल्यासारखाच पळाला.

ओपलनं हात उचलले. समोरच्या कागदाला उतरते खांदे होते, जरा पुढे झुकलेले, मान आत. कारखान्यात हजारोंनी छापलेला कागद, कुणाचाच नाही. पण जाळीच्या पलीकडे सांजेच्या उजेडात असेच खांदे उभे राहिले होते. तोंड दिसत नव्हतं तेव्हाही. तिनं नेम धरला. धरलेलाच ठेवला. बोट घोड्याच्या बाहेर, नळीला लागून सरळ.

"बघ," डॉर्सी म्हणाला, आणि त्याच्या आवाजातली हवा सुटल्यासारखी झाली. "नाही जमत. मी म्हणालो होतो. बायकांना देवानं तसं बनवलेलंच नाही. चल, आखूडच घे. पैसे मी देतो, हवं तर."

ओपलनं नळी मातीकडे वळवली, पिस्तूल टेबलावर ठेवलं, कानांवरच्या टोप्या काढल्या. डोंगरावर कुठेतरी कावळे ओरडत होते. इतकी वर्षं या माणसाची बडबड तिनं गारपीट ऐकावी तशी ऐकली होती, छपराखाली उभं राहून, थांबण्याची वाट बघत. आज छप्पर नव्हतं.

"जमतं," ती म्हणाली. "म्हणूनच ओढलं नाही. त्या कागदात मला कोण दिसतं, विचार."

डॉर्सी बाटलीचं झाकण लावू लागला.

"तुझा कोल्बी. वसंतापासून माझ्या ओसरीवर येतो. गोळ्या माग, नाही म्हटलं तर शिव्या दे. मागच्या आठवड्यात दाराची जाळी फाडली. पुढच्या वेळी दार मोडणार म्हणालाय. रॅकून नाही डॉर्सी. तुझा मुलगा."

"तो सुधारलाय. त्यानं साक्ष दिली, सगळ्यांसमोर."

"साक्ष दिली. मनगटाला माझ्या जाळीची तार लागलेली होती, त्याच हातानं बायबल धरून दिली. आणि तू रडलास. मी तिसऱ्या बाकावर बसून बघत होते, आणि मला वाटलं, या माणसाला काही कळत नाही, बिचारा मूर्ख आहे."

डॉर्सी कागदाकडे बघत राहिला.

"घरी घेऊन जाईन ते जड," ओपल म्हणाली. "देव करो आणि ओढायची वेळ न येवो. मी त्याला न्हाऊ घातलंय रे. पण दार मोडून आत आला तर मी तवा घेऊन उभी राहणार नाही. हे तुला तोंडावर सांगायचं होतं, म्हणजे मागाहून माझ्या दारात येऊन रडू नकोस. आता तू सांग. लॉनीनं फोन केल्यावर एवढा पळत का आलास? माझ्या मनगटाची काळजी लागली होती?"

तिला वाटलं, आता देवाचं नाव येईल, नाहीतर बायकांचं. तिनं त्याच्यासाठी एक टोमणा तयारही ठेवला होता. डॉर्सीनं गालातली तंबाखू काढून टाकली, टोपी उतरवली, आणि टोपीखालचा तो पांढरा, उन्ह न लागलेला पट्टा उघडा पडला. तो तिच्याकडे न बघता बोलला.

"मला ठाऊक होतं ओपल. जाळी फाडून तो घरी आला तेव्हा ती पट्टी मीच बांधली. म्हणून तुला ते आखूड देत होतो. दहा पावलांवर त्या पिस्तुलानं माझाही नेम लागत नाही. तू त्याच्यावर रोखलंस तरी चुकावं, म्हणून."